आधी म्हणून दाखवायचं

आबा, आज ऑफिसात एक फॉर्म समोर आला आणि दिवसभर तुमची आठवण पाठ सोडेना. शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा रोख्यांचा फंड, ज्याला बाँड ईटीएफ म्हणतात, तो आपल्या जळगावच्या ग्राहकांना विकायचा आहे. त्याआधी तो सामान्य माणसाला समजायला सोपा की अवघड, हे ठरवून सही मी करायची. साहेब म्हणाले, "आत सगळे सरकारी रोखे आहेत. सोपं टाका अन् मोकळे व्हा."

साहेबांना काय बोलणार? मीही तुमच्याशी असंच बोललो होतो. वरणगावच्या फॅक्टरीतून तुम्ही नुकतेच रिटायर झालेले, मी फंड विकायला नवा. दारूगोळ्याला हात लावण्याआधी काम कसं करणार ते वरच्याला म्हणून दाखवायचं, अडखळला तर त्या दिवशी हात लावायचा नाही, ही तुमची तिथली रीत. ती तुम्ही घरीही आणली होती. सिलिंडर बदलताना आईला म्हणायला लावायचात आणि ती लाटणं उगारायची. त्याच स्वयंपाकघरात मी अशाच रोख्यांच्या फंडाचा फॉर्म पुढे ठेवतो, आणि तुम्ही म्हणता, "थांब, मले एकदा म्हणून दाखवू दे, मंग सही करतो." मी घड्याळाकडे बघतो. "आबा, एफडीसारखंच आहे हो." पोरावर विश्वास ठेवून तुम्ही सही केलीत.

पुढे व्याजदर वाढले, फंडाचा भाव पडला. मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही "भाव वर आला का मंग करू" म्हणत लांबवलंत, माझे पैसे घेतले नाहीत. पेपर नाकाला लावून भाव शोधत बसायचात. ते बघून मला रडू यायचं. माफी मागायला आलो तर मलाच समजावलंत, "जाऊ दे, तू घाईत होता." भाव वर आला तेव्हा तुम्ही नव्हता.

आज समोरच्या टेबलावर बसून ग्राहकांना फंड विकणाऱ्या मॅडमना मी म्हटलं, हा फंड मला म्हणून दाखवा. घडाघडा बोलल्या. "व्याज वाढलं की भाव का पडतो?" मी विचारलं. "सर, पडतो एवढं माहीत आहे." मी 'अवघड'वर खूण करून सही केली. साहेब अजून घुश्शात आहेत.

हे पत्र टाकणार कुठे? तुमच्या जुन्या पासबुकात ठेवून देतो. एक सांगायचं राहिलं, आबा. त्या दिवशी मी घाईत नव्हतो. म्हणून दाखवताना तुम्ही "का?" विचारलं असतं, आणि मला उत्तर येत नव्हतं.