वालिसीच्या बाळाची नाळ

प्रिय वालिसी,

अगं पोरी, मुलगा झाला! तुझ्या बापानं, लाइजियानं, फोन ठेवून सांगितलं तेव्हा मी खोबरं खवत होते. करवंटी हातात घेऊनच नाचले. शेजारची सिना म्हणते, "म्हातारे, भूत लागलं का?" म्हटलं, "भूत नाही गं, पणतू!" अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. शाळेत माझं लक्ष फळ्याकडे कमी नि खिडकीतून समुद्राकडे जास्त.

त्याला आपलं सगळं सांगशील ना? पाई आणि वाऊ या दोघींच्या टोपलीतून वाळू सांडली, त्याचं आपलं नानुमेआ बेट झालं. मग आपला मूळपुरुष टेफोलाहा आला. म्हणाला, बेट माझं. त्या म्हणाल्या, मग आमची नावं सांग. लबाडानं छपरावर लपून ती ऐकली, तोंडावर म्हणून दाखवली आणि बेट घेतलं. आपल्या देशाला तर कुण्या इंग्रज शेटजीचं नाव होतं. मेला कधी इकडे फिरकलासुद्धा नाही! माझ्या तरुणपणी ते गेलं आणि आपलं तुवालू आलं. आठजण मिळून उभे, असा अर्थ. बेटं नऊ, पण नवव्यावर तेव्हा वस्ती नव्हती.

उभे. काय सांगू बाई. मोठ्या भरतीला समुद्र या खेपेला वरून नाही, जमिनीखालून आला. आपल्या पुलाकाच्या खड्ड्यातलं पाणी चाखलं तर खारट. माझ्या सासूनं पाला घालघालून पोसलेले पुलाकाचे कंद, हात लावला की लगदा. मी खड्ड्यात उतरून ओंजळीनं पाणी उपसत होते. वेडीच मी, समुद्र का ओंजळीनं हटतो? लाइजिया वरून ओरडला, "आई, चल ऑकलंडला, वालिसीकडे! इथं काय तुझी नाळ पुरलीय?" म्हटलं, "हो, पुरलीय! तुझीही, तुझ्या पोरीचीही!" येत्या बोटीनं तो एकटाच निघतोय. हे पत्र त्याच्याच खिशात.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. प्रत्येक फोनवर तुझ्यामागे लागले होते, बाळाची सुकलेली नाळ पाठव, तुझ्या माडाशेजारी पुरते म्हणून. तुझा माड गेला गं. तुझी नाळ ज्याच्या मुळाशी, तोच. सकाळी पाहिलं तर पाण्यात आडवा, मुळं आभाळाकडे. मुळांखाली खूप चाचपलं, हाती नुसती वाळू. तेव्हा पाया पडते, नाळ इकडे पाठवू नकोस. तिथे डोंगर असतात म्हणे. मी कधी पाहिला नाही, पण त्यातला उंच बघ आणि तिथे ती पुरून टाक. माड लागत नसेल तर जे जगेल ते झाड लाव. मी येत नाही, माझी नाळ इथेच आहे. फक्त माती लोटताना नानुमेआचं नाव मोठ्यानं घे, बाळाच्या कानावर पडू दे. नाव ज्याच्या तोंडी, बेट त्याचं.

तुझीच, खड्ड्याकाठी बसलेली आजी,
तिलेसा