लेखिकेला विचारायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
शनिवारी वाचनमंडळ झालं. नौपाड्यात, डॉ. पेठ्यांच्या जुन्या दवाखान्यात, नेहमीचेच सातजण. डॉ. निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ. पेशंट संपले, आता आम्ही त्यांच्या कोचावर पुस्तकं आणून झोपवतो. डिसेंबरचा निबंध माझ्याकडे. पुस्तक कुठलं घेऊ विचारलं तर म्हणाले, "नंदाताई, आईंचंच घ्या ना."

आईचं पुस्तक एकच. अकरा कथा, सगळ्या आधी दिवाळी अंकांत आलेल्या. मी हो म्हणून बसले. मंडळाचा नियम एकच आहे, लेखकाला विचारायचं नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय दडलंय ते त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं, ते मजकुरात शोधायचं. इथे लेखिका शेजारच्या खोलीत झोपते. तरी नियम तो नियम.

९ नोव्हें., रवि.
अकराही कथा पुन्हा वाचल्या. इतक्या वर्षांत एकदाही लक्षात कसं आलं नाही? जवळजवळ प्रत्येक कथेत कुणीतरी संध्याकाळी चपला घालून दारात उभं राहतं, बाहेर बघतं, मग चपला काढून आत येतं. कथेला त्याची काही गरज नसते. पुढे त्याचा उल्लेखही नाही. कधी बाई, कधी म्हातारा, एकदा तर पोस्टमन. स्वतःच्याच घरी, दिवसभर चालून आलेला पोस्टमन.

दोन कथांत मात्र चपला नाहीत. त्या दोनांत आई मुलीची वेणी घालते. तेही असंच, कारण नसताना.

१४ नोव्हें., शुक्र.
कॉलेजात शिकवून येताना कल्याणहून आईसाठी खारे शेंगदाणे घेतले. रात्री नवऱ्याला, सुहासला, जेवताना चपलांचं सांगितलं, हळू आवाजात. तो म्हणाला, "अगं, लेखिकाबाई घरात बसल्यात, जाऊन विचार ना. दोन मिनिटांचं काम."
"तसं चालत नाही."
"मग त्यांच्याशी बोलतेस तरी काय?"
बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला मनोविश्लेषण काय कळणार, असं मनात म्हटलं.

२२ नोव्हें., शनि.
मांडणी जमली. चपला म्हणजे निघून जाण्याची इच्छा. कल्याणजवळच्या मोहन्यातली चाळ, बाबांच्या कंपनीतल्या पाळ्या, दोन खोल्या, त्यात दडपलेली एक लिहिणारी बाई. दर कथेत ती निघते आणि दर कथेत परत आत येते. वेण्यांच्या दोन कथा म्हणजे अपराधभावाची भरपाई. सुबक बसतं सगळं.

फक्त एक. तिला निघून जायचं होतं तर घरात मागे कोण राहणार होतं? बाबा आणि मी.

आईने माझी वेणी कधी घातल्याचं आठवत नाही. शेजारच्या काकू घालायच्या. आई मारायची नाही, ओरडायची नाही, जवळही घ्यायची नाही. लाड सगळे बाबांचे. सायकलवर पुढे बसवून उल्हास नदीवर न्यायचे. पहिली पाळी करून आले की दुपारी जमिनीवर बसून आईच्या कथा सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे, कारण आईचं अक्षर संपादकाला काय, तिला स्वतःलाही लागायचं नाही. मी बाबांच्या पाठीला टेकून गृहपाठ करायची. घरात ऊब होती ती त्या पाठीची.

तर आता कारण कळलं, तिला मी नकोच होते. चोपन्नाव्या वर्षी असं काही कळून फार बिघडू नये. पण दुपारभर हे लिहिताना एकच वाक्य चारदा खोडलं, आणि एकीकडे सुटल्यासारखंही वाटत होतं. बरं झालं, माझं काही चुकलेलं नव्हतं.

३० नोव्हें., रवि.
डॉ.ना निबंध मेल केला. लगेच फोन. "फार धीटपणे लिहिलंय. असाच वाचा." दिवसभर मी हवेत. आईला दोनदा चहा करून दिला. तिने विचारलं, आज काय आहे?

३ डिसें., बुध.
निबंधाची छापील प्रत डायनिंग टेबलावर राहिली. कॉलेजातून आले तर आई भिंग घेऊन वाचत बसलेली, शेवटच्या पानावर. ऐकणारे सहाजण धरून लिहिलेला निबंध, आणि सातवी तीच.

रागावली नाही. म्हणाली, "चांगलं लिहिलंयस. वाक्यं फार लांब आहेत." मग भिंग पुसत, "पण चपलांची वाक्यं माझी नाहीत गं."
"म्हणजे?"
"ह्यांची आहेत. उतरवताना घालायचे."
आणि कुकर लावायला उठली.

४ डिसें., गुरु.
झोप नाही. सकाळी नियम गेला खड्ड्यात, तिच्यासमोर जाऊन बसले. आईचं म्हणणं असं: ती पेन्सिलीने लिहायची, बाबा उतरवायचे आणि परस्पर पोस्टात टाकायचे. अंक छापून आला की तिला ते वाक्य दिसायचं. दर वर्षी.

"आणि त्या दोन कथांत का नाही?"
"तेव्हा ह्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. त्या तू उतरवल्यास. नववीत होतीस."

प्लास्टर आठवलं. त्यावर मी स्केचपेनने फूल काढलेलं. कथा उतरवल्याचंही आठवलं, दोन संध्याकाळी, बोटं दुखेपर्यंत. काय उतरवलं ते मात्र आठवत नाही.

मूळ कागद केव्हाच रद्दीत गेले. ताडून बघायला काहीही नाही.

७ डिसें., रवि.
डॉ.ना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "नंदाताई, नीट विचार करा. स्वतःची नकोशी इच्छा गेलेल्या नवऱ्यावर ढकलणं हे किती सोयीचं आहे. तुमची मांडणी उलट पक्की झाली."
"आणि ती खरं सांगत असेल तर?"
"म्हणून तर आपण विचारत नाही."
राग आला. आई हो म्हणाली असती तर मांडणी पक्की, नाही म्हणाली तर अजून पक्की. मीच हे पोरांना वर्गात वीस वर्षं शिकवतेय, आणि तेव्हा मला ते मोठं खोल वाटायचं.

पण डॉ. बरोबर असले तर आईला मी नको होते, आणि आई बरोबर असली तर बाबांना. यातलं कुठलं बरं, हे मला ठरवता येत नाही. सायकलचा दांडा, नदी, ती पाठ. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. आज त्यांच्या फोटोसमोर नेहमीसारखी उभी राहू शकले नाही.

१० डिसें., बुध.
आई वाटाणे सोलत होती, मीही बसले. विचारलंच. "तुला कळत होतं त्या चपलांचा अर्थ काय ते?"
"पहिल्या वर्षीच कळलं."
"मग खोडलं का नाहीस? पुस्तक काढताना तरी?"
शेंग सोलता सोलताच म्हणाली,
"खोडलं असतं तर ह्यांनी बोलायचं कुठे? कंपनीत बोलता येत नव्हतं, घरी बोलायची सवय नाही. आणि दर वेळी चपला काढून आत यायचेच ना. मी त्या वाक्याचा शेवट वाचून घ्यायची."

दर दिवाळीला हिने आधी तेवढंच वाक्य शोधलं असणार, आत आलं का बघायला. मला रडू आलं. आई म्हणाली, वाटाणे खारट करू नकोस. आमच्याकडे जवळ घेणं म्हणतात ते हेच.

१२ डिसें., शुक्र.
दुसरा निबंध लिहिला, घाईत. सुबक नाही. चार पानं, अर्ध्याहून जास्त प्रश्नच.
वेण्यांच्या दोन कथा परत वाचल्या. "आईने तेल लावून घट्ट वेणी घातली आणि शेपटा हातात धरून थोडा वेळ तशीच बसली." दोन्हीकडे जवळपास हेच. आईची वाक्यं लहान असतात. हे लांब आहे.
नववीतल्या मुलीने घातलेलं असू शकतं.

१३ डिसें., शनि.
आज मंडळ. आईने नौपाड्याला यायचं ठरवलंय. डॉ.ना कळवलं, ते म्हणाले येऊ देत, पण बोलायचं नाही. आईला सांगितलं. "बरं, मी कुठे बोलते," म्हणाली.

रिक्षा यायला तास आहे. ती आत्ताच इरकल नेसून, चपला घालून, दाराजवळच्या खुर्चीत बसली आहे. तिच्या समोर उभी राहून विचारलं, "आई, त्या वेण्यांचं वाक्य तुझं की माझं?"
तिने बराच विचार केला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होती.
"नाही सांगता येत गं. अंकात वाचलं तेव्हा बरं वाटलेलं, एवढं आठवतंय. पुस्तकाच्या वेळी संपादक काढा म्हणाले, दोन्हीकडे तेच येतंय. मी म्हटलं, ते राहू द्या."

दोन्ही निबंध पिशवीत टाकलेत. कुठला वाचणार ते अजून माहीत नाही. टेबलाशी उभी राहून हे लिहितेय. दारातून आई विचारतेय, "निघायचं ना, की चपला काढून ठेवू?"