रोज सकाळी माझा एक थेंब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, पेशाने रक्त तपासणारी आणि गल्लीच्या तोंडी ‘सुईबाई’, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. खरं तर आहे, पण ते न लिहिण्याचं आहे, तेव्हा कायद्याला त्याची अडचण नसावी. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या प्रयोगशाळेच्या निवृत्त प्रमुख, मोठ्या मॅडम, यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. त्यात त्यांनी ‘हट्टी’ असा शब्द घातला होता. तो मी खोडायला लावला.

यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, देऊन टाकलं होतं. तेव्हा मी त्याला भीत होते.

कलम १. घर. घड्याळवाल्याच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या, न लागणारी खिडकी आणि गळणारा नळ यांसह, मी दादाच्या नातीला देते. ती मला आत्याआजी म्हणते. वय पंचवीस, रंग कागदासारखा, जिना चढली की धाप लागते, आणि तिला कोणी “जरा खात जा गं” म्हटलं की समोरच्याचं ताट रिकामं करते. दोन महिन्यांनी तिचं लग्न आहे. घराला एक अट आहे, ती कलम ६ मध्ये येईल. उडी मारून तिकडे जाऊ नये. मी आयुष्यभर लोकांना रांगेत बसवलं आहे, वाचणाऱ्यानेही बसावं.

कलम २. मायक्रोस्कोप. निवृत्तीच्या दिवशी प्रयोगशाळेने मला मोडीत निघालेला मायक्रोस्कोप भेट दिला. त्याची उजवीकडची चकती जाम आहे. अठ्ठावीस वर्षं ज्याच्याशी भांडले तोच गळ्यात पडला. तो भाच्याला द्यावा, म्हणजे नातीच्या बापाला. त्याला डोळ्यांसमोरचं कधी दिसत नाही, कदाचित याने दिसेल.

कलम ३. गोळ्या. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात रक्तवाढीच्या गोळ्यांची न फोडलेली अकरा पाकिटं आहेत. ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना सन्मानाने परत करावीत. या गृहस्थांनी तीस वर्षं आमच्या घरात जो फिकट दिसला त्याला लोह दिलं. आई फिकट, लोह. भाचा फिकट, लोह. नात फिकट, दुप्पट लोह. गोळ्यांनी पोट तेवढं बिघडलं, रक्त होतं तिथेच राहिलं. एकदा मी विचारलं, “डॉक्टर, लोह कमी आहे का ते आधी तपासलंत का?” तर म्हणाले, “बाई, डोळे बघून कळतं.” लोह कमी पडून रक्त कमी होतं तो आजार निराळा, त्याला गोळी लागू पडते. आणि पेशीच जन्मतः लहान घडतात तो प्रकार निराळा. तिथे कच्चा माल भरपूर असतो, साचाच वेगळा असतो. वरून कितीही लोह ओता, साचा बदलत नाही. हे त्यांना मी सांगितलं असतं, पण बाहेर रांग होती.

कलम ४. राग. हा स्थावरही नाही आणि जंगमही नाही, पण माझ्याकडे आहे आणि तो कोणाला तरी द्यावा लागेल.

आम्ही तिघं भावंडं. दादा, मी, आणि धाकटा. धाकटा पाच वर्षांचा होऊन गेला. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, गालांची हाडं वर आलेली, आणि तरी दिवसभर हसायचा, मेला. दर काही महिन्यांनी त्याला इस्पितळात रक्त चढवायला नेत. बरोबर दादा जायचा. मला कधीच नेलं नाही. “तू लहान आहेस,” असं म्हणून दार लावून घेत. दादा काय माझ्याहून फार मोठा होता? पाच वर्षांनी. धाकट्याला शेवटचं इस्पितळात नेलं तेव्हाही दादा त्याच्याजवळ होता आणि मी शेजारणीकडे पाढे म्हणत बसले होते. त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. “दात येताना बिघडलं,” एवढंच आई सांगायची. पाच वर्षांच्या मुलाला कसले दात येतात हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

चौसष्ट वर्षं मी हा राग बाळगून आहे. तो मी दादाला देते. त्याचाच आहे.

कलम ५. माझी चूक. हे कलम लिहायला मला आठ दिवस लागले. मध्ये तीनदा कपाट आवरलं.

आमच्या प्रयोगशाळेत एक रीत होती. सकाळी पेशी रंगवायचं द्रावण नीट बसलंय की नाही हे पाहायला कोणा निरोगी माणसाच्या रक्ताची एक काचपट्टी आधी रंगवायची. दिवसभराच्या पट्ट्या तिच्याशी ताडून बघायच्या. हा थेंब द्यायचा मान सगळ्यांत जुन्या माणसाचा. तो मान माझ्याकडे आला आणि मी हुरळून गेले. रोज सकाळी आठ वाजता बोट टोचायचं, थेंब काढायचा, पट्टीवर लिहायचं: ‘सर्वसाधारण’. वीस वर्षं मी रोज स्वतःला निरोगीपणाचा दाखला दिला. एवढा दाखला कोणी पंतप्रधानालाही दिला नसेल.

मग माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी पेशी मोजणारं यंत्र आलं. उद्घाटनाला अर्थातच माझं रक्त. यंत्राने कागद काढला: पेशी लहान, पेशी फिकट, संख्या मात्र भरमसाट. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. मेकॅनिक आला, पाहून गेला. पुन्हा तेच. पुन्हा मेकॅनिक. तिसऱ्यांदा तो मोठ्या मॅडमना म्हणाला, “यंत्र ठीक आहे हो. दुसऱ्या कोणाचं तरी रक्त घालून बघा ना.” घातलं. यंत्र शहाण्यासारखं वागलं.

मोठ्या मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, “यंत्र दुरुस्त आहे. बिघाड तुमच्यात आहे, आणि तो जन्मापासूनचा.” थॅलेसेमिया मायनर. म्हणजे मला काही नाही. अशी माणसं शंभरी गाठतात, भांडतात, पेन्शन खातात. पण दोष रक्तात असतो आणि पुढे दिला जातो. नवरा-बायको दोघांतही तो असेल, तर दर बाळंतपणात चारातली एक शक्यता अशी की धाकट्यासारखं मूल जन्माला यावं. आमचे आई-वडील दोघंही तसेच असणार. दात नव्हते आले त्याला.

आता हिशेब लक्षात आला का? वीस वर्षं ज्यांच्या पेशी माझ्यासारख्या लहान, त्यांना मी डोळ्यांत तेल घालून तपासलं आणि लिहिलं: सर्वसाधारण. मोठ्या मॅडम फक्त मी संशयित ठरवलेल्या पट्ट्या बघत. माझ्यासारख्या पट्टीवर मला कसला संशय येणार?

मी जुन्या पेट्या उपसल्या. एक्केचाळीस पट्ट्या सापडल्या. पत्ते मिळतील तसे त्या लोकांकडे गेले. काहींनी चहा दिला, एकाने कुत्रा सोडला. चाळीसजणांकडे गेले.

कलम ६. एक्केचाळिसावी पट्टी. ती शिंपीणबाईंची. माझ्याच गल्लीत, समोरच्या बाजूला तिसरं दुकान. पोटुशी असताना चक्कर येते म्हणून आल्या होत्या. मी ‘सर्वसाधारण’ लिहून पाठवून दिलं. त्या माझ्या परकराला आजवर फुकट नाडी घालून देतात. त्यांच्यासमोर उभं राहून “बाई, मी चुकले” म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मुलगा मोठा झालाय, सुखरूप आहे, आता काय करायचंय सांगून, अशी मनाची समजूत काढली. चौदा वर्षं काढली. भित्री मेली मी.

आणि या वर्षी आमची नात पेढ्यासारखं तोंड करून एका मुलाला घेऊन आली. “आत्याआजी, हा बघ. तू ओळखतेस याला.” ओळखत होते. पोटात असल्यापासून ओळखत होते.

मी त्याच दिवशी दादाकडे गेले. म्हटलं, “दोघांची तपासणी करू. एक नळीभर रक्त, दोन दिवसांत उत्तर.”

दादा म्हणाला, “ठरलेल्या लग्नात सुया टोचू नकोस.”

“अरे, लग्न मोडायला नाही सांगत. माहीत असू दे एवढंच.”

“आमच्या घराण्यात खोट नाही. तुझ्या यंत्रात असेल.”

“आणि धाकटा?”

यावर तो उठला. म्हणाला, “पोरीच्या कानावर यातला एक शब्द जरी घातलास, तर या घराची पायरी चढायची नाही.” वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती. दर रविवारी मी त्या घरी जेवते. आठवड्यातलं माझं तेवढंच एक जेवण असतं ज्याला समोर माणसं असतात. मी “बरं” म्हटलं. वर त्याने माझ्याकडून शपथ घेतली की मी पोरीशी यावर तोंड उघडणार नाही.

म्हणून अट अशी: घराचा ताबा घेण्यापूर्वी नातीने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने हिमोग्लोबिनचा प्रकार दाखवणारी तपासणी करून घ्यावी. निकाल काहीही येवो, घर तिचंच. लग्न करायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, आणि करावंच असं माझं मत आहे, मुलगा चांगला आहे, चहाचा कप स्वतः विसळतो. दोघांतही दोष निघाला तर दिवस राहिल्यावर पहिल्या महिन्यांतच बाळाची तपासणी होऊ शकते. माझ्या आईला हे कोणी सांगायला नव्हतं.

शिंपीणबाईंना मी माझं शिवणयंत्र देते, आणि ती काचपट्टी, आणि माफी. यातलं तिसरं मी जिवंतपणी देणं योग्य होतं.

कलम ७. बँकेत जे काही निघेल ते प्रयोगशाळेला द्यावं. त्यातून लग्न ठरलेल्या कुठल्याही जोडप्याची ही तपासणी फुकट व्हावी. फलक लावू नये. लावलाच तर त्यावर माझा फोटो नको, त्या पट्टीचा लावावा, आणि ‘सर्वसाधारण’ हा शब्द खोडून.

कलम ८. प्रत. वकील म्हणाले की ज्याला काही मिळणार आहे त्याची साक्ष घेऊ नये. टाइप कोणी करावं याबद्दल कायदा गप्प आहे. माझं अक्षर कोणाला लागत नाही, एका पोरीला सोडून. तरी हा मसुदा मी स्वच्छ प्रतीसाठी नातीकडे पाठवत आहे. मी तिच्याशी एक शब्दही बोललेले नाही. शपथ पाळली आहे. रविवारचं जेवण बहुधा गेलं.

स्थळ: माझी पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी

सही: सुईबाई (शेजारी अंगठाही दिला आहे, टोचून टोचून रेषा पुसट झाल्यात)

साक्षीदार:
१. मोठ्या मॅडम, रक्ततज्ज्ञ, निवृत्त
२. खालचे घड्याळवाले (कलमं न वाचता सही केली, म्हणाले, “तुम्ही वाचलंयत ना, झालं तर”)

टाइप करणारीची नोंद:
आत्याआजी, प्रतीला बारा दिवस लागले, कारण कलम ६ वर मी थांबले. मृत्युपत्र तुझ्या मरणाआधी वापरलं त्याबद्दल रागावू नकोस. आम्ही दोघं जाऊन आलो. काल कागद मिळाले. त्याच्यातही आहे, माझ्यातही आहे. लग्न ठरल्या तारखेलाच आहे. पुढचं तू लिहिलंयस तसंच करणार. त्याच्या आईला मी सांगितलं. त्यांनी मशीनवरची शिवण बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “आमच्याही घरात चौघं गोळ्या खातात, तुमच्याकडे कळू नये म्हणून आम्ही लपवत होतो.” नाडी घालायला परकर घेऊन ये म्हणाल्यात.

दादाआजोबांना मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कलम ४ ला त्यांनी हात वर केला. म्हणाले, “तिला वाटतं मला मिरवायला न्यायचे. सुई टोचताना त्याचा हात मी धरायचो. शेवटी शेवटी तो ओरडायचाही नाही, माझ्याकडे नुसता बघायचा. मी तेव्हापासून सुई बघितलेली नाही.” तो राग त्यांनी घेतलाय, सांगायला सांगितलंय.

उद्या सकाळी आठला ते प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्यायला येणार आहेत. घाबरलेत. हात धरायला तू पाहिजेस म्हणतात. आणि मग घरी जेवायला. उद्या रविवार आहे.