पंधरा पाऊण सव्वाअकरा

अंजूर, ता. १८ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप पार्वतीआत्यास,
भावेशचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण सोबतचं बाड. घाबरू नकोस, लग्नाची यादी नाही. आपल्या गोडाऊनची कार्ययोजना आहे, पानं बहात्तर. जमीन तुझ्या नि बाबांच्या नावावर असल्यामुळे पानोपानी तुझी सही लागते. फोनवर दिलेला शब्द तू मानत नाहीस, आणि आता मीही मानत नाही. योजनेचं पहिलंच कलम आहे की तोंडी काही चालणार नाही, सगळं लेखी. नवशाचा टेम्पो रोज खारबावला येतो, त्याच्या हाती परत पाठव.

पुण्याची नोकरी सोडली म्हणून लोक हसतात. पण गणपतीत बाबांनी किल्ल्या हातात दिल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढे मी मध्ये तोंड घालणार नाही. एवढं स्वातंत्र्य मला कुठल्या कंपनीत मिळालं असतं?

मी पुण्यातूनच पाच वर्षांच्या गाड्यांच्या नोंदी तपासल्या. गंमत बघ, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दोन-तीन दिवस दहा ते दीडच्या दरम्यान आपल्या गेटात गाडीच येत नाही. एकविसाव्या शतकात आपली माणसं अमावास्या पाळतात! योजनेत ती प्रथा बंद केली आहे.

७ ऑक्टोबरला आपल्याकडे माल ठेवणाऱ्या कंपनीच्या रिया मॅडम परीक्षेला येणार आहेत. कंटेनर अकराला गेटात, मॅडम साडेअकराला. संध्याकाळी सहाच्या आत तो भरून निघाला तर तीन वर्षांचा करार. नाही तर माल दुसऱ्या गोडाऊनला जाईल आणि पॅकिंगच्या चाळीस बायका घरी बसतील.

एक कटू काम आहे, पान ४१ पाहा. पद क्रमांक नऊ, कोंडूकाका. आठ ते पाच गेटाजवळच्या करंजाखाली बसलेले असतात. कर्तव्य अस्पष्ट. दसऱ्यानंतर त्यांना सन्मानाने निरोप द्यायचा आहे.

केबिनमध्ये मोठा तक्ता लावलाय. भिंत पुरेना, म्हणून खाडीकडच्या खिडकीवर चिकटवला. उजेड कमी झाला, पण नजरेसमोर फक्त योजना राहते.

लोभ आहेच, तो सहीसकट परत यावा.

तुझा,
भावेश

---

खारबाव, ता. २० सप्टेंबर

चि. भावेशास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

बाड वाचलं. बत्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या, पण एका वाक्यात चार वेळा 'अंमलबजावणी' लिहिणारा विद्यार्थी मला भेटला नव्हता. लाल शाईच्या खुणा केल्यात, रागावू नकोस. चहाच्या सुट्टीचा आराखडा पान १९ वर आणि पान ५३ वर वेगवेगळा आहे. तुझी माणसं दोन्ही पाळतील याची खात्री बाळग.

एकाहत्तर पानांवर सही केली, पान ४१ वर केली नाही. कोंडू काय काम करतो हे तू त्याला विचारलंस का? कागदावर नव्हे, शेजारी बसून.

तू चौथीत असताना माझ्याकडे राहायचास. पावकी, निमकी पाठ केलीस आणि पाऊणकीला अडून बसलास, की पाऊणपटीनं कोण गुणतं, याचा उपयोग काय. छडी खाल्लीस पण शिकला नाहीस. ते आठवलं एवढंच.

जेवत जा वेळेवर. तुझ्यावरची माया योजनेत मोडत नाही, ती आहे तशीच आहे.

तुझी आत्या,
पार्वती

---

अंजूर, ता. २५ सप्टेंबर

तीर्थरूप बायस,
महादूचा शि. सा. न.

फोनवर मला आता नुसती घूंऽऽ ऐकू येते, म्हणून लिहितो. आमच्याकडे राज्य बदललं. पाणी प्यायला गेलो तरी वहीत वेळ टाकायची. कामाच्या वेळी मोबाइल पेटीत बंद. सूचना असेल तर ती दुसऱ्या पेटीत.

आमच्या साहेबाला वाटतं, आपण अमावास्या पाळतो. तुला ठाऊकच आहे, पाच वर्षांपूर्वी शेजारच्यांनी भराव टाकून आपापली गोडाऊनं उंच केली आणि आपला रस्ता खोलात राहिला. तेव्हापासून उधाणाच्या भरतीला खाडी रस्त्यावर येते. तीन-साडेतीन तास पाणी, मध्ये तर गुडघाभर. कोंडू तिथीला पाऊणकी लावून भरतीची वेळ काढतो, करंजाखाली बसून पाणी बघतो, आणि गाड्यांना नाक्यावर थांबायचा निरोप देतो. इतक्या वर्षांत त्याने एक गाडी अडकू दिली नाही. अडकली नाही म्हणून त्याची नोंदही कुठे नाही. सोमवारी घटस्थापनेला पाणी चढलं होतं. साहेब आठला केबिनमध्ये शिरलेले, खिडकीला तक्ता.

मी पहिल्याच दिवशी सांगायला गेलो होतो. बोट दाखवून म्हणाला की बाबा, पेटीत टाका. टाकली चिठ्ठी. पेटी डिसेंबरात उघडणार आहे! आणि परीक्षा कुठल्या दिवशी, तर कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, भर पौर्णिमेच्या उधाणात.

तोंड घालणार नाही म्हणालो, नाही घालणार. त्याने विचारलं तर सांगेन. तुलाही माझ्या गळ्याची शपथ आहे, बोलू नकोस.

धाकट्यावर राग नसावा.

महादू

---

खारबाव, ता. २७ सप्टेंबर

चि. महादूस, आशीर्वाद.

गळ्याच्या शपथा घालायचं वय गेलं तुझं, आणि त्या गळ्याची मला आता फारशी पर्वाही वाटत नाही. मान तुझा दुखावला आणि घरी बसायचं कोंडूने? लहानपणी तू खाडीत गटांगळ्या खात होतास तेव्हा त्याने विचारल्याशिवायच हात दिला होता. तो काय कोणी विचारेपर्यंत वाट बघत बसला होता?

दसऱ्यापर्यंत वाट बघते. तोवर पोराला सांगितलं नाहीस तर मी सांगेन. भाऊबीजेला ये, पण सांगितलं असशील तरच ये.

बहीण,
पार्वती

---

अंजूर, ता. ३ ऑक्टोबर

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दसरा छान झाला. मशिनींना हार घातले, तक्त्यालाही एक घातला.

कोंडूकाकांचं तुझं म्हणणं मी मनावर घेतलं. सगळ्यांना नमुना क्रमांक सात दिलाय, त्यात दिवसाचं काम तासागणिक लिहायचं. काकांचा नमुना बाबांनीच भरून दिला. आठ ते नऊ, बसतो. नऊ ते दहा, बसतो. पाचपर्यंत नऊही रकाने बसतो. मी शेजारी बसून तरी आणखी काय विचारणार होतो? मी बाबांकडे पाहिलं, ते छताकडे पाहत होते. पान ४१ वर तुझी सही नाही, पण सात दिवसांत नमुना तीनमध्ये हरकत आली नाही तर संमती धरावी असं कलम आहे. तुझी हरकत साध्या पत्रात होती.

उद्या शनिवारी त्यांना शाल-श्रीफळ देतोय. मला वाईट वाटतंय, आत्या. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मी खाडीकडे जायचो. पण भावनेला रकाना ठेवला की पुढे सगळेच रकाने भावनेचे होतात.

खाजगी टपालाचीही आता शिस्त लावली आहे. नवशाने आणलेलं पत्र आधी आवक वहीत चढेल आणि कामाच्या तीन दिवसांत संबंधिताला मिळेल.

तुझा आशीर्वाद मात्र वहीत न चढवता थेट मिळावा.

भावेश

---

खारबाव, ता. ४ ऑक्टोबर
(आवक क्र. ११८. संबंधितास दिले: ८ ऑक्टोबर)

चि. भावेशास, आशीर्वाद.

तुझ्या बापाने सांगितलं नाही असं दिसतं, म्हणून मी सांगते. नीट वाच. सात तारखेला पौर्णिमा आहे. दहा वाजल्यापासून गोडाऊनच्या रस्त्यावर खाडीचं पाणी चढेल आणि दीडपर्यंत उतरणार नाही. गाड्या त्या वेळात येत नाहीत त्या पाण्यामुळे, अमावास्येच्या भीतीने नाही. ते पाणी बघणं हेच कोंडूचं काम आहे. कंटेनर सकाळी आठला आत घे, मॅडमना दोन वाजता बोलाव, आणि कोंडूच्या घरी जाऊन त्याची माफी माग.

तुला दोनदा फोन केला, तो पेटीत वाजत असणार. हे पत्र तरी वहीत न चढवता आज संध्याकाळी हातात पडावं, म्हणून नवशाला थांबवून लिहिते आहे.

घाईत आहे, माया तेवढीच आहे.

आत्या

---

अंजूर, ता. ८ ऑक्टोबर

तीर्थरूप बायस,
महादूचा शि. सा. न.

काल योजना तंतोतंत पार पडली. प्रत्येक माणूस नेमून दिलेल्या जागी उभा होता. पाणीही आपल्या वेळेला आलं.

अकराला कंटेनर पाण्याच्या कडेला येऊन थांबला. ड्रायव्हर परमुलखातला, त्याला रस्त्याची कड दिसेना, तो पुढे यायला राजी होईना. साडेअकराला मॅडमची गाडी मात्र थेट आत घुसली आणि मध्यावर बंद पडली. भावेश गेटात उभा, बूट पाण्यात, छातीशी योजना धरलेली. पॅकिंगच्या बायका दारात येऊन बघत होत्या. बाय, त्यांनाही सगळ्यांना हे आधी ठाऊक होतं. नवशाला विचारलं तर म्हणाला की सूचना पेटीत टाकायची ऑर्डर हाय, बोलायची न्हाय.

मी घराच्या गच्चीवर होतो. खरं सांगतो, पाणी चढताना बघून मला क्षणभर बरं वाटलं. पोराची फजिती बघून बापाला बरं वाटलं. मग गावाकडून कोंडू येताना दिसला. लुंगी गुडघ्याच्या वर, हातात काठी, आणि शनिवारी दिलेल्या शालीचं डोक्याला मुंडासं. कोणी बोलावलं नव्हतं त्याला. काठीने रस्ता चाचपत तो गाडीपर्यंत गेला आणि मॅडमना हात धरून घेऊन आला. मला माझीच लाज वाटली. खाली उतरलो, पण तोवर माझं काही काम उरलं नव्हतं.

मॅडमनी त्याचं पद विचारलं. तो म्हणाला की नऊ नंबर होता, शनवारी कामावरना कारला. पाणी कधी उतरेल असं विचारलं तर म्हणाला की दीडला. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं. दीडला पाच कमी असताना रस्ता दिसू लागला. बायकांनी जेवण न घेता माल भरला आणि पाच वाजून दहा मिनिटांनी कंटेनर निघाला. मॅडम म्हणाल्या की करार देते, पण गेटाच्या वेळा ठरवणाऱ्या या माणसाचं नाव त्यात लेखी हवं, आणि पाडव्यापर्यंत हवं.

रात्री भावेशने विचारलं की बाबा, तुम्ही सांगितलं का नाही. मी म्हटलं की तू विचारलं नाहीस. तुझं पत्र त्याला आज मिळालं, नियमाप्रमाणे. वाचून तसाच कोंडूच्या घरी गेला.

आता अडलंय ते कोंडूपाशी. परत यायला तो तयार नाही. म्हणतो की शाल घेतली, नारळ फोडून खाल्ला, आता कसली ड्युटी.

भाऊबीजेला येऊ की नको ते कळव.

महादू

---

अंजूर, ता. २२ ऑक्टोबर, पाडवा

तीर्थरूप आत्यास,
भावेशचा शि. सा. न. वि. वि.

कोंडूकाकांच्या घरी तीनदा गेलो. पहिल्यांदा नेमणुकीचं पत्र नेलं, पद 'जलपातळी समन्वयक'. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं आणि दोन्ही वेळा हसले. दुसऱ्यांदा माफी मागितली. ते म्हणाले की माफीचं काय, पोर हायस. पण यायला तयार झाले नाहीत. तिसऱ्यांदा बाबा बरोबर आले. त्यांनीही माफी मागितली, आणि ते मी पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हा काकांनी एकच अट घातली. एक भरती माझ्याशेजारी बसायचं. मोबाइल नाही, कागद नाही, प्रश्न नाही.

काल अमावास्या होती. आठला करंजाखाली जाऊन बसलो. तासभर मला काहीच दिसेना. मग त्यांनी काठीने दाखवलं. आधी खेकड्यांच्या बिळांतून बुडबुडे येतात. बगळे पलीकडच्या बांधावर सरकतात. गवताची मुळं ओली होतात, आणि रस्त्यावर पाणी येतं ते सर्वांत शेवटी. मी फक्त रस्ता बघत होतो. सव्वाअकराला पाणी जागच्या जागी थांबलं. काका खाडीकडे पाहत पुटपुटले, पंधरा पाऊण सव्वाअकरा. आत्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू छडी घेऊन जे शिकवत होतीस ते एवढंच होतं, आणि मी बहात्तर पानं लिहिली.

दोन वाजता काका उठले, म्हणाले की आता आन तुजा कागूद, आणि अंगठा उमटवला. करार आज सकाळी गेला. चाळीसही जणींना मी स्वतः जाऊन सांगितलं, नमुना न भरता. योजना फेकलेली नाही, चहाची सुट्टी दुरुस्त केली आहे. तक्ता खिडकीवरून काढून दाराला लावला. केबिनमध्ये आता फार उजेड येतो, त्याची सवय करतोय.

उद्या भाऊबीजेला बाबांना घेऊन येतो. त्यांना आत घेशील ना? ओवाळून झालं की मला पाऊणकी म्हणायला लाव. छडी असेल तर काढून ठेव, लागेल.

तुझ्या मायेचा हक्कदार,
भावेश

ता. क. नमुना क्रमांक सात मलाही भरावा लागतो, कलमच तसं आहे. कालचा काल संध्याकाळीच भरला. आठ ते नऊ, बसलो. नऊ ते दहा, बसलो. दहा ते अकरा, बसलो. दोनपर्यंत तेच लिहिलं आहे, आणि खाली बाबांची सही घेतली आहे.