दर्रेबीदची एकेचाळीस माणसं

२ आबान
पोचले एकदाची! मिनीबसमधून उतरले तर सगळा उतार झिरिश्कच्या काटेरी झुडपांवरच्या आंबट फळांनी लालेलाल. जनगणनेसाठी डोंगरातलं गाव मिळालं म्हणून बिरजंदच्या ऑफिसात सगळे कुरकुरले, मी मात्र दर्रेबीद मागून घेतलं. अकरा घरं, मागच्या नोंदीत एकेचाळीस माणसं. दोन दिवसांचं काम. नकाशावर गावाचा ठिपका भलत्याच डोंगरावर आहे, तेवढा दुरुस्त करायचा. मुक्काम गोलअंदाम म्हातारीकडे. “बिरजंदला तुम्हाला उपाशी ठेवतात वाटतं,” म्हणाली आणि माझा आमटीचा वाडगा पुन्हा काठोकाठ भरला.

३ आबान
उजाडायच्या आत सगळे केशराची फुलं खुडायला शेतात, म्हणून बांधावर बसूनच फॉर्म भरले. गावप्रमुख सफरअली सोबत होता. बेरीज चाळीस आली. तो हसला. म्हणाला, “तूबाबाई, फुलं मोजताय की माणसं? परत मोजा. इथे एकेचाळीसच असतात.” अकराव्या घरातल्या अकदस मास्तरीणबाई मागच्या महिन्यात वारल्या, हे त्यानेच सांगितलं होतं. मग चाळीसच ना? त्याने विषय बदलला. त्या रिकाम्या घराचं अंगण मात्र झाडलेलं होतं. खिडकीत चहाचा एक धुतलेला पेला.

४ आबान
पुन्हा चाळीस. सफरअलीकडचे जुने कागद पाहिले: दर जनगणनेला एकेचाळीस.
संध्याकाळी कब्रस्तानाची जागा नोंदवायला वर चढले. दगड वाचले. यज्दचा विहीर खणणारा. गोनाबादचा फेरीवाला. रस्ता मोजायला आलेला कुणी. अकदस, बिरजंदची.
गोलअंदामला अकदसबद्दल विचारलं. ती फुलातले तंतू वेगळे करत होती, मान वर न करता म्हणाली, “तीही आठ दिवसांसाठीच आली होती, पोरी. तीस वर्षं राहिली. एक कमी झालं की पाणी आटतं. एक वाढलं की डोंगर...” तिने फुलांची पाटी पुढे ओढली.

५ आबान
मिनीबस आली नाही. बाई इथेच राहणार आहेत, असं सफरअलीने ड्रायव्हरला फोनवर कळवून टाकलं होतं. मी चालत निघाले. तीन तास उतरत होते, ऊन सतत डाव्या गालावर. शेवटच्या वळणावर समोर दर्रेबीद.
बांधावरच्या बायकांना नवल वाटलं नाही. एकीने सरकून मला बसायला जागा केली.

६ आबान
महिनाभर आटत चाललेला ओढा आज पार कोरडा. मुलं रिकामे हंडे घेऊन उभी. सगळे माझ्याकडे बघतात. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण ही आशा—
सफरअली हात जोडून म्हणाला, “नुसतं नाव लिहा, बाई. पाणी आलं की मी स्वतः तुम्हाला सोडून येतो.”
लिहिलं. तूबा रस्तगार, एकेचाळीस. तासाभरात पाणी खळखळत आलं. माणसं रडली. गोलअंदामने माझ्या कपाळाचा मुका घेतला.
माझी बॅग कुणीतरी अकराव्या घरात नेऊन ठेवली आहे.

७ आबान
सकाळी सफरअलीची सून बाळंत झाली. दिवस भरायला अजून दीड महिना होता. मुलगी, ठणठणीत. टाहो ऐकून सगळ्यांत जास्त आनंद मलाच— त्यांचा आकडा भरला! आता मी कशाला?
नाव खोडायला गेले. त्यावर शाई उमटत नाही. पान फाडलं, तर खालच्या पानावर तेच नाव—
कुणी मिठाई वाटत नाही. गोलअंदामकडे धावले. एक वाढलं की काय होतं, एवढंच विचारलं. तिने दार लावून घेतलं. आतून रडल्याचा आवाज.

दुपार
सगळे अकराव्या घराच्या, माझ्या अंगणात; मी दारात लिहीत बसलेय. बाळालाही आणलंय.
सफरअली मोठ्याने मोजतोय— बाळ, एक— बोट एकेकावर— अडतीस— एकोणचाळीस— तो स्वतः, चाळीस— गोलअंदाम, एकेचाळीस—
बोट माझ्याकडे वळलं आणि खाली गेलं.
आता कुणीच माझ्याकडे बघत नाही. माझ्या मागे बघताहेत. मागची खिडकी डोंगराकडे— बंद केली होती मी, तरी पाठीवर वारा—
गोलअंदाम ओरडतेय, पोरी, मागे वळू न—