डावं पॅडल

धाकट्या, ही चिठ्ठी घेऊन जरा बस. बाबांच्या सायकलीची एक कथा सांगते, पण वाचताना ओरडू नकोस.

सायकल चोरीला गेलेली नाही, मीच ती ढकलत मिस्त्रीकडे नेते आहे. दुपारी तू कामावर असताना मी तिच्यावर गल्लीत एक चक्कर मारली. डावं पॅडल सैल वाटलं, म्हणून पान्याने आवळायला गेले. जितका जोर लावला तितकं ते सुटत गेलं आणि शेवटी हातात आलं. परत बसवताना आटे घासले. मिस्त्रीला फोन केला तर तो हसला. "ताई, डावं पॅडल उलटं आवळतात. बाबांच्या लेकीला एवढं ठाऊक नाही?"

नाही ठाऊक. बाबांनी ते तुला शिकवलं. माझ्या हातात फडकं दिलं आणि म्हणाले, "तू चाकं पूस."

वर्षभर तू ही सायकल घासलीस, रंगवलीस, येणारा-जाणारा तुझंच कौतुक करतो आणि माझा नुसता जळफळाट होतो. कीर्तनात बुवा सहा शत्रूंमध्ये मत्सराला शेवटी बसवतात. माझ्याकडे मेला पहिल्या रांगेत टाळ कुटतोय. देवापुढे कबूल केलं, आता तुझ्यापुढे करते.

उद्या सकाळच्या जुन्या सायकलींच्या फेरीआधी दुरुस्त करून देतो, असा मिस्त्रीने शब्द दिलाय. भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून खा.

उद्या फेरीत कोणी विचारलं, सायकल कोणाची, तर बाबांचं नाव घे. आणि मनातल्या मनात का होईना, चाकं पुसणाऱ्या त्या पोरीचीही आठवण ठेव.

तुझी ताई