डाव्या बाजूची काच

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, गाड्यांच्या पत्र्याचे काम करून पोट भरलेला माणूस, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता, माझ्या मागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दाखला लिहिताना त्यांनी "गाडीचं काय करणार आहात?" असे सहज विचारल्यासारखे विचारले. सहज कोणी काही विचारत नसते. त्यांना या कागदाची प्रत देऊ नये.

कलम १. राहते घर पत्नीला, तिच्या मागे मुलीला. मागच्या खिडकीला गज बसवून घ्यावेत. त्या बाजूच्या शेजाऱ्याला आमच्या भांड्यांचा आवाजसुद्धा ओळखू येतो.

कलम २. बँकेतील ठेव पत्नीची. किती आहे ते बँकेला ठाऊक आहे, आणखी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

कलम ३. हत्यारे मुलीला. ती ऑफिसात काम करते, तिला त्यांचा उपयोग नाही, पण ती कोणाला उसनी देणार नाही एवढी खात्री आहे. समोरच्या गॅरेजवाल्याने माझा एक पाना नेला आहे. मी गेल्यावर तो भेटायला येईल, डोळे पुसेल आणि जाताना भिंतीवरच्या हत्यारांकडे बघेल. त्याला बाहेरच्या खोलीत बसवावे.

कलम ४. गाडी. ही कुठल्या कारखान्यातून आलेली नाही. सांगाडा भंगारातल्या टेम्पोचा, वरचा पत्रा न् पत्रा मी लाकडी हातोड्याने ठोकून वळवला. पुढची काच बसकी, मधे पट्टी आणि दोन बाजूंना दोन तुकडे, त्यामुळे बाजारचा वायपर तिला लागू होईना. दांडा लांब पडे आणि पाते काचेच्या कडेवर आपटे. शेवटी मोडीत निघालेल्या बसची वायपरची मोटर आणून डॅशबोर्डखाली आडवी बसवली, दांडा कापून आखूड केला, टोकाला वाकवला आणि रबर काचेला सगळीकडे सारखे टेकेपर्यंत जेवलो नाही. हा वायपर उजव्या बाजूला आहे. एकच आहे. चालवणाऱ्याला दिसले म्हणजे झाले, असे माझे मत आहे.

पत्नी पावसात माझ्या शेजारी बसली की दर वळणाला "कुठवर आलो?" असे विचारते. रस्ता तिच्या पायाखालचा. मग ही चौकशी कोणासाठी, असा प्रश्न मला नेहमी पडत आला आहे.

कलम ५. पत्नीचा धाकटा भाऊ गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो. त्याचा हात चांगला आहे, पण हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेले नाही. मी तपासण्यांसाठी दवाखान्यात जाऊ लागल्यापासून हा मेव्हणा माझ्या पाठीमागे घरी येतो. मी परत येतो तेव्हा दोन कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या असतात. एकट्या बाईला दोन कपबशा कशाला लागाव्यात? मी शेडच्या कडीला दोरा गुंडाळून गेलो, तर परत आल्यावर गाठ वेगळी. डाव्या काचेवर खडूने अर्धगोल रेघ ओढून पुसलेली, ती तिरके पाहिले की दिसते. डावीकडच्या चटईखाली ड्रिलचा ताजा कीस. माझ्या मोटरच्या स्क्रूंच्या खाचा चकाकत होत्या, म्हणजे ते कोणीतरी फिरवले आहेत. पाणी कुठे मुरते आहे ते मला कळले. आधी मोटर जाणार, मग गाडी. दवाखान्यातले माझे कागद त्यांनी पाहिले असतील तर त्यांना फार थांबावेही लागणार नाही.

म्हणून माझ्या मागे ही गाडी विकू नये, कोणाला देऊ नये. गॅस कटरने कापून तिचे तुकडे करावेत आणि मुलीने समोर उभे राहून खात्री करून घ्यावी. हे लिहिताना मला फार वाईट वाटते आहे. पण मेव्हण्याने तिच्यातून हॉर्न वाजवत गावभर मिरवावे त्यापेक्षा हे बरे.

कलम ६. वरचे लिहून पेन ठेवले तोच शेडमध्ये खुडबुड ऐकू आली. दुपारी मी झोपतो, असे घरात सगळे धरून चालतात. मी चपला न घालता गेलो. मेव्हणा डावीकडे डॅशबोर्डखाली डोके घालून पडला होता आणि पत्नी त्याला टॉर्च धरून उभी होती. पुढचे बोलणे जसेच्या तसे देतो, म्हणजे नंतर कोणी शब्द फिरवायला नको.

मी म्हणालो, "मोटर खाली ठेव."

"दाजी, मोटर आहे तिथंच आहे," मेव्हणा आतूनच म्हणाला. "तिला डावीकडं दुसरा दांडा जोडतोय. एका मोटरवर दोन्ही वायपर चालतील."

"कोणाला विचारून?"

"मी सांगितलं त्याला," पत्नी म्हणाली. "तुम्हाला किती वर्षं म्हणतेय, माझ्या बाजूला पण एक लावा. तुमचं एकच, 'तुला कुठं चालवायचंय?'"

"मग चोरून कशाला?"

"सांगितलं असतं तर लावू दिला असतात?"

मी विचारले, "गाडी घेऊन कुठे जायचंय तुला? खरं सांग."

"कुठं नाही. पाऊस लागला की मला समोर नुसतं पाणी दिसतं. तुम्ही म्हणता, तो बघ पूल, ती बघ नदी किती भरलीय. मी हो हो म्हणते. मग विचारते, कुठवर आलो. एकदा मला पण दिसू दे की."

मी डावीकडे जाऊन बसलो. गाडी बांधल्यापासून पहिल्यांदाच. मेव्हण्याला काचेवर पाण्याची नळी धरायला लावली आणि हात लांब करून उजवीकडचा वायपर सुरू केला. शेडसमोरची भिंत मला दिसली नाही. शरम वाटली.

कलम ७. मृत्युपत्रात खाडाखोड केली की लोकांना संशय येतो, म्हणून कलम ५ तसेच ठेवले आहे. ते रद्द समजावे. गाडी पत्नीची. चालवायला तिला मेव्हण्याने शिकवावे, मी शिकवले तर आमचे दोघांचे वाजेल. मोटरचे स्क्रू मात्र त्याने काढलेत तितकेच परत लावले आहेत का, ते मी मोजून घेणार आहे.

याच कलमात पुढे लिहिणार होतो की, माझ्या मागे डावीकडे दुसरा वायपर बसवावा. पेन टेकवले आणि लक्षात आले की, माझ्या मागे ती उजवीकडे बसेल, आणि उजवीकडे वायपर आहेच. डावीकडचा तिला मी चालवतो आहे तोवरच लागणार. तेव्हा हे काम मागे ठेवून जाता येत नाही. मेव्हण्याने वाकवलेला दांडा काचेच्या कडेवर आपटतो आहे, लिहिता लिहिता आवाज ऐकू येतो आहे. तो मला वाकवून द्यायचा आहे, म्हणून इथेच सही करतो.

साक्षीदार पहिला: मेव्हणा. कागदावरचा तेलाचा डाग त्याच्या अंगठ्याचा आहे.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर. सही घेतली आहे, मजकूर वाचू दिलेला नाही.

ठिकाण: गाडीची शेड.

तारीख: १९ ऑगस्ट. डॉक्टरांना विचारली आणि कॅलेंडरवर पडताळून पाहिली. बाहेर आभाळ भरून आले आहे, आणि पत्नी आताच डावीकडे जाऊन बसली आहे.